अपेक्षित वेतन : एका प्रश्नाचा इतिहास

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या आजच्या तरुणापुढे जो छापील नमुना येतो, त्यात नाव, शिक्षण, अनुभव अशा निरुपद्रवी रकान्यांच्या शेवटी एक रकाना असा असतो, की तेथे येऊन त्याची लेखणी थबकते. 'अपेक्षित वेतन' हा तो रकाना. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर नावाचे गाव आहे. त्याच्या एका अंगाला वाढत आलेले शहर, दुसऱ्या अंगाला हजिऱ्याचे खत, पोलाद, वायू आणि रसायनांचे कारखाने, आणि गावाच्याच हद्दीत हिरे-जवाहिरांच्या धंद्याची वसाहत. खानदेशातून आणि घाटावरून पोटापाण्यासाठी या भागात आलेल्या मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आता शिकून अर्ज करू लागली आहे. या मुलांना यंत्राविषयी, हिशेबाविषयी काहीही विचारा, ती चटकन उत्तर देतात. 'किती पगार हवा?' असे विचारले, की मात्र गप्प होतात. किंवा 'आपण द्याल तो' असे म्हणून मोकळी होतात. ज्या गावाच्या नावातच इच्छा आहे, तेथे इच्छा उच्चारणे इतके अवघड व्हावे, याचा आम्हांस विचार करावासा वाटला.

आमच्या पिढीतील बहुतेक सुशिक्षितांना हा प्रश्न कधी कोणी विचारलाच नाही. शासकीय जाहिरातीत पदाच्या नावाशेजारी वेतनश्रेणी छापलेली असे. वार्षिक वाढ किती, दक्षतारोध कोठे, हेही तेथेच कळे. उमेदवाराने आपली लायकी सिद्ध करावी, किंमत सांगू नये, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे ज्यांचे आयुष्य त्या व्यवस्थेत गेले, त्या आम्हा वडीलधाऱ्यांजवळ या मुलांना देण्यासारखा अनुभव नाही. जे अनुभवात नाही ते इतिहासात शोधावे, एवढाच मार्ग उरतो. शोधू गेल्यावर असे दिसते, की हा प्रश्न मुळीच नवा नाही. तो चारशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर विचारला गेला होता आणि त्याचे एक फार शहाणे उत्तरही येथूनच दिले गेले होते.

प्रथम शब्दांकडे पाहू. मोबदल्यासाठी मराठीत तीन शब्द रुळले आहेत. 'वेतन' हा संस्कृतातून आलेला. 'पगार' हा पोर्तुगिजांकडून घेतलेला. त्यांच्या भाषेत त्या धातूचा अर्थ 'देणे, चुकते करणे' असा आहे. तिसरा 'तनखा', फारसी 'तनख्वाह' या शब्दाचे आपले रूप. यातील 'तन' म्हणजे देह आणि 'ख्वाह' म्हणजे इच्छा. देहाला जे हवे असते, ते तनखा. म्हणजे एका शब्दात देणाऱ्याची क्रिया आहे, तर दुसऱ्यात घेणाऱ्याची इच्छा. या दोहोंमधील अंतर कोणी आणि कसे मिटवायचे, हाच सगळा प्रश्न आहे.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी त्याचा विचार केला नव्हता असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सेवकांच्या वेतनाची यादीच आहे. वर ४८,००० पण आणि खाली ६० पण. हे झाले राजसेवेचे. खासगी चाकरीविषयी त्याने जे सांगितले आहे, ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. चाकराला बोलून ठरलेले वेतन मिळावे. ठरलेच नसेल तर काम आणि काळ पाहून ते द्यावे. शेतीच्या कामावरील माणसाला पिकाचा, गुराख्याला लोण्याचा दहावा हिस्सा मिळावा, असे त्याचे म्हणणे. याच प्रकरणात तो आणखी एक गोष्ट सांगतो. चाकराचा कामाशी काय करार झाला आहे, हे आसपासच्यांना ठाऊक असावे. ठरलेल्या गोष्टीला साक्षी असावा, हा त्याचा उघड हेतू. परंतु त्यातून दुसरेही काही साधते. शेजाऱ्याला काय मिळते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपण काय मागावे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आता सुरतेकडे वळू. इच्छापोरच्या पश्चिमेस, हजिऱ्याजवळ, सुवालीचा किनारा आहे. तापीच्या मुखाशी गाळ असल्यामुळे मोठी जहाजे शहरापर्यंत येऊ शकत नसत. ती सुवालीस नांगरत आणि तेथून माल व माणसे सुरतेस जात. १६१२ साली याच पाण्यात इंग्रजांनी पोर्तुगिजांशी लढाई दिली आणि १६१३ साली सुरतेस इंग्रजांची वखार कायम झाली. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला आणि जहांगिराच्या दरबारी गेला. त्याचे वेतन कंपनी देत होती. वर्षाला ६०० पौंड.

वखारीतील नोकरांचे वेतन मात्र अगदीच तुटपुंजे असे. पुढे याच शतकात, १६७० नंतरच्या दशकात, जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा शल्यवैद्य सुरतेस होता. त्याने लिहून ठेवले आहे, की वखारीच्या अध्यक्षास वर्षाला ५०० पौंड असून त्यातील निम्मे येथे आणि निम्मे मायदेशी मिळत. अध्यक्षाची ही स्थिती, तर तळच्या लेखनिकाला वर्षाकाठी दहा पौंडांच्या आसपास मिळत. सहा महिन्यांचा समुद्रप्रवास, परक्या हवेतील रोगराई, परत जाण्याची शाश्वती नाही, आणि वेतन हे एवढे. तरीही माणसे येत होती. कारण ती वेतनासाठी येतच नव्हती. कंपनीच्या जहाजातून स्वतःचा माल न्यावा, आपल्या हिमतीवर खासगी व्यापार करावा आणि श्रीमंत होऊन परतावे, ही त्यांची खरी अपेक्षा. ती अर्जात लिहिलेली नसे. परंतु अर्ज करणारा आणि कंपनीचे चालक या दोघांनाही ती ठाऊक होती.

टॉमस रो याने हे सारे डोळसपणे पाहिले आणि कंपनीच्या चालकांना स्पष्ट सल्ला लिहून पाठवला. त्याचा आशय असा : खासगी व्यापार पूर्णपणे बंद करा. हे लोकांना जाचक वाटेल. केवळ पगारासाठी आम्ही येथे आलो नाही, असे ते म्हणतील. मग त्यांची ही सबबच काढून घ्या. त्यांचे समाधान होईल असे मोठे वेतन द्या, म्हणजे निदान आपल्या हातून किती जाते हे तुम्हांस कळेल. मात्र माणसे निवडून घ्या आणि थोडी ठेवा.

वेतनाविषयी इतके शहाणपणाचे बोलणे इतिहासात फार थोडे सापडेल. नोकराची अपेक्षा कमी आकडा लिहून घेतल्याने कमी होत नाही. ती केवळ दृष्टीआड होते आणि दुसऱ्या वाटेने वसूल होते, हे रोने ओळखले. कंपनीने तो सल्ला त्या काळी मानला नाही. त्याचे फळ बंगालमध्ये दीडशे वर्षांनी दिसले. अखेर लॉर्ड कॉर्नवॉलिस याने १७८६ ते १७९३ या आपल्या कारकिर्दीत जिल्ह्याच्या कलेक्टरास महिना १,५०० रुपये आणि वसुलीवर लहानसे कमिशन ठरवून दिले आणि खासगी व्यापार व नजराणे यांना बंदी केली. परंतु ही उदारता त्याने गोऱ्या अधिकाऱ्यांपुरतीच ठेवली. हाताखालचा एतद्देशीय कारकून तुटपुंज्या वेतनावरच राहिला. त्याच्या लाचखाऊपणावर पुढे पुष्कळ लिहिले गेले; त्याच्या वेतनावर त्या मानाने थोडे.

मराठी राज्यात हाच विचार एका थोर पुरुषाने स्वतंत्रपणे केला होता. ज्या सुरतेवर शिवाजीमहाराजांनी १६६४ आणि १६७० साली स्वाऱ्या केल्या, तेथील इंग्रज वखारीत माणसे थोड्या पगारावर आणि मोठ्या आशेवर नांदत असताना, महाराजांनी आपल्या राज्यात जहागिरीऐवजी रोख वेतनाची पद्धत घातली. अष्टप्रधानांच्या वेतनाचे आकडे इतिहासग्रंथांत दिलेले आढळतात : पेशव्यांस १५,००० होन, अमात्यांस १२,००० आणि इतरांस प्रत्येकी १०,००० होन. न्यायमूर्ती रानडे यांनी या रोख वेतनाच्या पद्धतीला मराठी सत्तेच्या बळकटीचे एक कारण मानले आहे. पद कोणते आणि त्याचे वेतन किती, हे ठरलेले असले, की माणूस पदाचे काम करतो. मुलुखातून काय काढता येईल याचा हिशेब करत बसत नाही. पुढे सरंजाम आणि वतने वाढली आणि तो जुना हिशेब पुन्हा सुरू झाला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेला मराठी मध्यमवर्ग उदयास आला, तेव्हा त्याच्यापुढे सरकारी नोकरीची ठरीव श्रेणी होती. त्या श्रेणीकडे पाठ फिरवून काही तरुणांनी पुण्यात जो प्रयोग केला, त्याने वेतनासंबंधीची आपली सगळी मनोवृत्ती घडवली आहे. १८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. १८८० च्या आरंभी त्यांनी, टिळकांनी आणि नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. एम. ए. झालेल्या मुलाकडून मोठ्या पगाराची आशा करू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे, अशा आशयाचे आगरकरांनी आईला लिहिलेले पत्र मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा, सर्व आजीव सदस्यांना सारखे वेतन, ते पुढे महिना ७५ रुपये, आणि जोडीला ३,००० रुपयांचा आयुर्विमा, अशी व्यवस्था होती. गोखले १८८६ साली या मंडळात सामील झाले आणि सेवा पुरी करून निवृत्त झाले, ते महिना ३० रुपये पेन्शनवर. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या नोकऱ्यांचा मोह टाळून १९०२ साली याच संस्थेच्या मर्यादित वेतनावर प्राचार्य झाले.

हा इतिहास उज्ज्वल आहे. परंतु त्याची एकच बाजू सांगितली जाते. याच मंडळींत वेतनावरून कटू वाद झाला, हे आपण सहसा सांगत नाही. पोटापुरते घेऊन सर्व वेळ संस्थेला द्यावा, जेझुइट पाद्र्यांप्रमाणे राहावे, बाहेरची मिळकत करू नये, असा टिळकांचा आग्रह होता. वेतनात थोडी वाढ व्हावी, बाहेर लेखन वा अन्य काम करण्याची मोकळीक असावी, असे आगरकर आणि इतर काहींचे म्हणणे. टिळकांना थोडाफार घरचा आधार होता, आगरकरांना नव्हता. दोघांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेणार नाही. तरीही १८९० च्या अखेरीस टिळक संस्थेतून बाहेर पडले आणि त्यांच्या विस्तृत राजीनाम्यात या प्रश्नाला मोठे स्थान आहे. आगरकर १८९५ साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी वारले; आपल्या अंत्यविधीसाठी त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे चरित्रकार सांगतात.

या प्रकरणातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, ज्यांच्यात जिवाभावाची मैत्री आहे, त्यांच्यातही वेतनाची अपेक्षा पुरतेपणी बोलून ठरलेली नसेल, तर ती पुढे तत्त्वाच्या रूपाने वर येते आणि माणसे तुटतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुण्याच्या या मंडळींनी थोडे वेतन घेतले खरे. परंतु ते ठरवले कोणी? त्यांनी स्वतःच. आजीव सदस्य हेच संस्थेचे चालक होते. वेतन सर्वांना सारखे आणि सर्वांना ठाऊक होते. त्यांनी जे सोडले ते विद्यार्थ्यांच्या आणि संस्थेच्या पदरात पडले, कोणाच्या नफ्यात गेले नाही. या तीन अटी जेथे नाहीत, तेथे त्या त्यागाचा दाखला देऊन उमेदवाराने आकडा कमी सांगणे म्हणजे आगरकरांचा आदर्श पाळणे नव्हे. मराठी घरांत मात्र ही गल्लत सर्रास होते. 'पैशाचे आपण होऊन बोलू नये' हे वळण आपण सद्‌गुण म्हणून मुलांना दिले, आणि ते वळण घेऊन ती अशा ठिकाणी गेली, जेथे समोरच्याने पैशाचे बोलणे हाच आपला व्यवसाय केलेला आहे.

त्याच सुमारास कलकत्त्यात एका मानी तरुणाने निराळे उत्तर दिले. १८८५ साली जगदीशचंद्र बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीयाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचेही निम्मे, असा प्रकार होता. बोस यांनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. तीन वर्षे त्यांनी काम चोख केले आणि वेतन घेतलेच नाही. अखेर सरकारने पूर्ण वेतन मान्य करून मागील बाकीही चुकती केली. त्यांचा आकडा त्यांच्या गरजेतून आलेला नव्हता; गरज तर घरात मोठी होती. तो पदाचा आकडा होता, आणि पद तेच असेल तर वेतनही तेच असले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. अर्थात तीन वर्षे वेतनावाचून काढणे प्रत्येकाला शक्य नसते. परंतु मागणी कशाच्या आधारावर करावी, हे या उदाहरणावरून कळते.

मागणी कशी करू नये याचे उदाहरण त्यानंतर थोड्याच वर्षांनी घडले, आणि तेही मराठी दरबाराशी निगडित. १८९२ च्या अखेरीस बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड लंडनला होते. सनदी परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही घोड्यावर बसण्याच्या चाचणीस हजर न राहिल्याने बाहेर पडलेले अरविंद घोष तेव्हा नोकरीच्या शोधात होते. जेम्स कॉटन या स्नेह्याने गाठ घालून दिली. वेतन काय सांगावे? अरविंदबाबूंना किंवा त्यांच्या बंधूंना या गोष्टीची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी एका जाणत्याला विचारले. त्याने सांगितले, की दोनशे रुपये मागा. पण एकशे तीस मिळाले तरी घ्या, ती रक्कम चांगलीच आहे. बोलणी कॉटन आणि थोरले बंधू यांच्यावर सोपवली गेली आणि दोनशे रुपयांवर सौदा ठरला. पुढे अनेक वर्षांनी अरविंदबाबूंनी आपल्या शिष्यांना हे हसत हसत सांगितले, आणि वर असेही सांगितले, की दोनशे रुपयांत आपल्याला सनदी अधिकारी मिळाला, असे महाराज लोकांना सांगत होते!

सयाजीराव हे गुणांची पारख असलेले आणि विद्येवर सढळ हाताने खर्च करणारे राजे होते. तेव्हा येथे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. सौद्याचा स्वभावच असा, की ज्याला दर ठाऊक नाही त्याने बोललेला पहिला आकडा हाच त्याचा शेवटचा आकडा होतो. महाराजांना सनदी अधिकाऱ्याची किंमत ठाऊक होती. अरविंदबाबूंना ती ठाऊक नव्हती. बुद्धीचे प्रमाण येथे उलटेही असू शकेल, पण माहिती एका बाजूला होती. पुढे १९०६ च्या सुमारास हेच अरविंदबाबू बडोद्याची वाढलेली प्राप्ती सोडून कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात महिना १५० रुपयांवर गेले. आकडा दोनशेहूनही लहान; पण तो कशासाठी स्वीकारतो आहोत, हे त्यांना पूर्ण ठाऊक होते. थोडे घेणे आणि थोड्यात सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बडोद्याच्याच दप्तरातील आणखी एक नोकरी येथे आठवणे भाग आहे. गायकवाड सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले भीमराव आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोद्यास रुजू झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून त्यांना महिना १५० रुपये मिळत. परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. आणि थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईस परतावे लागले. स्वतः बाबासाहेबांनीच ही हकिकत लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. बडोद्याचे दीडशे रुपये कागदावर खरे होते. पण डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला त्यांचा उपयोग काय? नोकरीकडून असलेल्या अपेक्षेत आकड्याबरोबर जागा, वागणूक आणि सुरक्षितता यांचाही हिशेब असतो, हे ज्यांना उपेक्षेचे चटके बसले त्यांनी आपल्याला शिकवले आहे.

सुरतेलाही असे एक उदाहरण आहे. बालपणी झालेला विवाह नाकारून देशभर खळबळ उडवणाऱ्या डॉ. रखमाबाई लंडनला वैद्यक शिकून १८९५ साली सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात आल्या आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी येथे काम केले. १९१८ साली त्यांना सरकारच्या स्त्रीवैद्यकीय सेवेत येण्याविषयी विचारणा झाली. ती नाकारून त्या राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या. सरकारी सेवेची प्रतिष्ठा मोठी असेल. पण आपल्याला काय हवे हे त्यांनी आपले आपण ठरवले होते. 'आपण द्याल ते' असे त्यांच्या तोंडी कधी शोभले नसते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, केंद्राचा पहिला वेतन आयोग नेमला गेला. त्याने तळच्या सेवकाला महागाई भत्त्यासह ५५ रुपये मिळावेत असे ठरवले. पुढे आयोगामागून आयोग झाले. महाराष्ट्रातही बडकर आणि भोळे ही नावे घरोघर पोहोचली. या आयोगांवर टीका पुष्कळ झाली. परंतु एक गोष्ट त्यांनी केली. कौटिल्याचा शेजारी त्यांनी सरकारी गॅझेटात बसवला. शिपायापासून सचिवापर्यंत कोणाला काय मिळते, हे ज्याला पाहायचे त्याला पाहता येऊ लागले. जेथे दर उघडा आहे, तेथे अपेक्षा विचारण्याचे कारणच उरत नाही. १९९१ नंतर खासगी क्षेत्र वाढले, नोकऱ्या तिकडे गेल्या, आणि तेथे दर झाकलेला असल्याने जुना सुरतेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली : 'सध्या आपणांस किती मिळते?'

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून घातक आहे. ज्याला एकदा कमी मिळाले, त्याला त्या कमीच्या हिशेबाने पुढेही कमीच मिळत जाते. पहिल्या नोकरीतील अज्ञान जन्मभर पाठ सोडत नाही. स्त्रियांना याची झळ अधिक बसते. आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तो समान कामाला समान वेतन द्या असे सांगणारा; उमेदवाराला काय विचारू नये, हे त्याने सांगितले नव्हते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने नोकरी देऊ करण्यापूर्वी आधीचा पगार विचारण्यास मनाई केली. २०१६ साली संमत झालेला तो कायदा २०१८ साली अमलात आला. युरोपीय संघाने २०२३ साली काढलेल्या निर्देशात त्याहून पुढचे पाऊल आहे : उमेदवाराला पदाचे वेतन आधी सांगावे आणि त्याचा मागील पगार विचारू नये. रोने जे १६१६ च्या सुमारास सुचवले आणि कौटिल्याने त्यापूर्वी कित्येक शतके सांगितले, त्याकडेच जग सावकाश येत आहे.

तोवर आमच्या मुलांनी त्या रकान्यात काय लिहावे? इतिहासाने दिलेले उत्तर साधे आहे. पहिले, दर विचारल्यावाचून आकडा सांगू नये. त्याच कामावरील चार माणसांना भेटावे, त्याच पदाच्या जाहिराती पाहाव्यात. आणि विचारणाराही एकच जाणता नसावा, नाहीतर एकशे तीसवर समाधान मानण्याचा सल्ला मिळतो. दुसरे, शक्य तेथे प्रश्न नम्रपणे परतवावा. या पदासाठी आपण कोणती मर्यादा ठरवली आहे, असे विचारण्यात उद्धटपणा नाही. पदाला श्रेणी असते हे मालकही जाणतो. तिसरे, मागणी गरजेची नसावी, पदाची असावी. वडील आजारी आहेत, कर्ज फेडायचे आहे, हे खरे असले तरी ते वेतनाचे कारण नव्हे. ज्याची गरज कळली, त्याला थोडक्यात गुंडाळता येते हेही कळते. चौथे, महिन्याच्या आकड्यात भविष्यनिर्वाह निधी, बोनस, बदलत्या पाळ्या, प्रवास, राहण्याची जागा हे काय धरले आहे आणि काय नाही, ते विचारून घ्यावे. वर्षाचा एकूण आकडा आणि हातात येणारी रक्कम यांत बरेच अंतर असते. पाचवे, मागील पगार सांगावाच लागला तर खरा सांगावा; खोट्या आकड्यावर मिळवलेली नोकरी खोट्याच पायावर उभी राहते. आणि शेवटचे, ज्याखाली जायचे नाही तो आकडा घरी बसून, शांत चित्ताने, आधीच ठरवावा. त्याहून कमी घ्यायचे असेल तर कशासाठी, हे अरविंदबाबूंप्रमाणे स्वतःला ठाऊक असावे.

आम्हा वडीलधाऱ्यांचेही एक काम आहे. आपल्याकडे माणसे आजार सांगतील, भावकीतील भांडणे सांगतील, पण पगार सांगणार नाहीत. ही लाज कोणाच्या उपयोगी पडते, याचा विचार व्हावा. हजिऱ्याच्या एखाद्या कारखान्यात पंधरा वर्षे काम केलेल्या गृहस्थाने गल्लीतील नव्या मुलाला आपल्या खात्यातील दर सांगितला, तर त्याचे स्वतःचे काही जात नाही. त्या मुलाचे मात्र जन्माचे नुकसान टळते. आसपासच्यांना ठाऊक असावे, असे कौटिल्याने सांगितले ते यासाठीच उपयोगी पडते. ते सांगण्यासाठी गॅझेट लागत नाही, कायदा लागत नाही. लागतो तो थोडा मनाचा मोकळेपणा. तो आपण दाखवला, तर इच्छापोरच्या मुलाला आपली इच्छा कागदावर लिहिताना मान खाली घालावी लागणार नाही.